शाळेसाठी ‘देशी बाग’ पॅकेज: शंभर रोपांत देशी किती आणि जगणार किती?

मे महिना सरत आला की मुख्याध्यापकांच्या टेबलावर दरपत्रकं यायला लागतात. शंभर देशी रोपं, खड्डे, खत, ठिबक, ट्री गार्ड, नावाच्या पाट्या आणि वर्षभर देखभाल, सगळं एकरकमी. कोल्हापूर परिसरातल्या खासगी रोपवाटिका आणि बागकामाचे ठेकेदार शाळांना देतात तसल्याच एका पॅकेजचं हे परीक्षण. जागा पाच गुंठे, म्हणजे साधारण पाचशे चौरस मीटर. रोपवाटिकेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. खाली जे दोष लिहिलेत ते थोड्याफार फरकाने अशा बऱ्याच पॅकेजांत निघतात, तेव्हा नावापेक्षा दोष ओळखता येणं जास्त कामाचं.

निकाल आधीच सांगून टाकू. रोपं चांगली, यादी एक तृतीयांश चुकीची, खड्डे कामचलाऊ, ठिबक कागदावर छान, आणि देखभाल नेमकी हवी तेव्हा गायब. पाचपैकी अडीच. रोपं आणि बांबूचे गार्ड घ्यावेत, बाकीचं शाळेने स्वतःच्या अटींवर करून घ्यावं.

यादी

यादीत बत्तीस जाती आहेत. त्यातल्या अकरा देशी नाहीत. ‘देशी फळझाडं’ या सदरात सीताफळ, पेरू आणि चिक्कू आहेत, आणि ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली. देवळापुढे असतो म्हणून पांढरा चाफा घातलाय, तो मध्य अमेरिकेतला. शेंदरी दक्षिण अमेरिकेतली. सोनमोहर आग्नेय आशियातला. कुंपणाला लावलेलं गिरिपुष्पही मध्य अमेरिकेतलंच. औषधी वाफ्याचा तर कहरच आहे: कोरफड अरबस्तानातली, पानफुटी मादागास्करची, पानओवा आफ्रिकेतला आणि ‘इन्सुलिन’ ब्राझीलचं. मुलांच्या पाटीवर ‘आपल्या सह्याद्रीतील औषधी वनस्पती’ असं लिहून खाली ब्राझीलचं झाड लावायचं, हे शाळेत तरी नको.

यात सोवळंओवळं नाही. पेरू मुलांना खायला उत्तम, तो स्वयंपाकघरामागे खुशाल लावावा. चिंचही मूळ आफ्रिकेतली, पण तिच्यावरून कुणी भांडत नाही. मुद्दा इतकाच की दरपत्रकावर ‘देशी’ लिहून पैसे घेतले असतील तर यादीही देशी हवी. ही अकरा नावं खोडून त्यांच्या जागी काय मागावं, तेही सोपं आहे. फळांसाठी जांभूळ, आवळा, भोकर, करवंद, फालसा; पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा या पट्ट्यातली शाळा असेल तर कोकम आणि फणसही. औषधी वाफ्यात अडुळसा, निर्गुंडी, शतावरी, गुळवेल, भारंगी. कुंपणाला करवंद आणि मधून मधून निर्गुंडी. शेळी निर्गुंडीला सहसा तोंड लावत नाही आणि करवंदाच्या काट्यात शिरत नाही.

उरलेल्या एकवीस नावांत खरी मेख आहे, कारण नाव देशी असलं तरी पिशवीत दुसरंच झाड असू शकतं. तीन ठिकाणी हमखास फसवणूक होते, कधी मुद्दाम, कधी अज्ञानाने.

पहिला अशोक. रोपवाटिकेत ‘अशोक’ मागितला की उंच, सरळ, नागमोडी कडांच्या लांब पानांचं झाड पुढे येतं. तो आसुपालव. सीता-अशोकाचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या. शिवाय त्याची कोवळी पालवी तांबूस आणि मऊ असून वाळत घातलेल्या रुमालासारखी खाली लोंबते. रोपालाही ती दिसते, फक्त नवी पालवी फुटलेली असताना बघायला जावं लागतं. या पॅकेजमध्ये चार ‘सीता-अशोक’ होते, त्यातले तीन आसुपालव.

दुसरा आपटा. दसरा चौकात सोनं लुटायचं ते आपट्याचं, आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाला हे झाड ओळखता यायला हवं. तरी दसऱ्याला बाजारात कांचनाच्या डहाळ्या आपटा म्हणून विकल्या जातात आणि रोपांतही तोच घोळ होतो. पान हातात घेऊन बघावं. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाड आणि बोटाला खरखरीत. कांचनाचं पान बरंच मोठं आणि मऊ. दोन्ही देशीच आहेत आणि दोन्ही लावावीत, पण पाटी अदलाबदल झालेली नको. आपटा लावताना दोन-तीन लावावेत. एकच असला तर पहिल्या दसऱ्याला मुलं त्याचा पुरता खराटा करतात.

तिसरा बहावा. त्याच्या नावाखाली काशिदाचं रोप खपवतात. बहाव्याची पर्णिका मोठी, जवळजवळ तळहाताएवढी लांब. काशिदाची बोटाच्या दोन पेरांएवढी. पिवळा फुलोरा दोघांनाही येतो म्हणून चूक कळायला चार-पाच वर्षं जातात, आणि तोवर ठेकेदाराचा फोन नंबर बदललेला असतो.

पान नक्की कसं दिसतं याची शंका असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाच्या बागेत खरं झाड बघून यावं, फोटो काढून आणावा आणि रोप त्याच्याशी ताडून बघावं. इंटरनेटवरच्या फोटोंत आसुपालव आणि अशोक यांची सरमिसळ रोपवाटिकेइतकीच आहे.

देशी आहे म्हणून शाळेत चालेलच, असंही नाही. या यादीत गुंजेचा वेल होता. बिया लालचुटुक, काळ्या टिपक्याच्या, मुलांच्या खिशात जाणारच, आणि चावल्या गेल्या तर जीवघेण्या विषारी. बिब्बाही नको, त्याच्या चिकाने कातडी भाजते. खाजकुइली, धोतरा, एरंड वाफ्यात नकोत. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर तर देशीही नाही आणि अतिविषारी, तरी शाळांच्या कुंपणाला सर्रास दिसते. सप्तपर्णी देशी आहे, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या फुलांचा वास इतका उग्र असतो की वर्गाच्या खिडकीजवळ लावली तर सहामाही परीक्षेनंतर अर्धा वर्ग डोकं धरून बसतो. मैदानाच्या टोकाला लावावी.

आणखी एक खटकलं. ‘खास आकर्षण’ म्हणून ठेकेदार घाटातल्या आमरी आणि कंदीलपुष्प देऊ करत होता. आमरी म्हणजे झाडांवर वाढणारी ऑर्किडं. राधानगरीच्या जंगलातून ती खरवडून आणलेली असतील तर अभयारण्यातून वनस्पती काढणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि शाळेच्या आवारात ती सहसा एक पावसाळाही काढत नाहीत. ही ओळ सरळ खोडावी. कंदीलपुष्प बघायचं तर पावसाळ्यात मुलांना पठारावर न्यावं.

शंभर हा आकडा

पॅकेजमध्ये चाळीस झाडं आणि साठ झुडपं, वेली, वाफ्यातली रोपं आहेत. चाळीस झाडं पाचशे चौरस मीटरमध्ये म्हणजे झाडागणिक साडेबारा चौरस मीटर जागा. दोन झाडांत साडेतीन मीटर अंतर. जांभळाचा घेर वाढल्यावर आठ-दहा मीटर होतो. दहा वर्षांनी खाली ऊन पोचणार नाही, झुडपं मरतील, फुलपाखरं येणार नाहीत आणि झाडं उजेडासाठी शिडीसारखी वर पळतील. घनवन हवंच असेल तर ते वेगळं काम आहे. त्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने लावतात, पण मग आत मुलांना फिरता येत नाही, झाडाखाली वर्ग भरत नाही. शाळेला बाग हवी की हिरवी भिंत, हे आधी ठरवावं.

पाच गुंठ्यांत मोठी झाडं चार पुरेत: जांभूळ, करंज, बेहडा, अर्जुन यांतली. मध्यम आठ: बहावा, आपटा, कांचन, बेल, सीता-अशोक, ताम्हण, आवळा, बकुळ यांतली. ताम्हण महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे आणि मे महिन्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरतं. शाळेत एक तरी असावं. पन्नासेक झुडपं, वेली आणि वाफ्यातल्या वनस्पती. वड-पिंपळ लावायचेच असतील तर इमारत, विहीर आणि कंपाउंडपासून किमान पंधरा मीटर लांब. जागा नसेल तर उंबरावर समाधान मानावं, तोही भिंतीपासून लांबच. ठेकेदार मात्र रोपांच्या संख्येवर बिल करतो, त्यामुळे कमी रोपं सांगितली की त्याचा चेहरा पडतो.

आवारात आधीच जुना गुलमोहर किंवा वर्षावृक्ष असेल तर ‘परदेशी झाडं काढून देऊ’ ही ओळ दरपत्रकातून काढून टाकावी. महापालिका हद्दीत झाड तोडायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि त्यांच्या सावलीत अडुळसा, शतावरी, भारंगी छान वाढतात. नव्या झाडांची सावली पडेपर्यंत जुनी सावली ठेवावी.

रोपं आणि खड्डे

रोपांबाबत मात्र या रोपवाटिकेला शाबासकी द्यायला हवी. पिशव्या आठ बाय बारा इंचाच्या होत्या, रोपं दोन वर्षांची, तीन ते चार फूट उंच, बुंधा करंगळीएवढा. करंज, जांभूळ, बेहडा जवळपासच्या झाडांच्या बियांपासून वाढवलेले. आंध्रातल्या कडियमहून ट्रकभर येणारी रोपं इथल्या किरकोळ रोपवाटिकांत खूप असतात. ती दिसायला टवटवीत असतात, पण सावलीच्या जाळीतून थेट मैदानात आली की पहिल्या आठवड्यात पानं टाकतात. सात-आठ फुटी रोप लहान पिशवीत असेल तर ते फोटोपुरतं. मुळं जेवढी तेवढंच झाड जगतं.

रोप घेताना एक पिशवी खालून इंचभर कापून बघावी. मुळं तळाशी चकलीसारखी गोल फिरलेली असतील तर ते रोप पिशवीत जास्त दिवस राहिलंय. थोडी फिरलेली असतील तर लावताना ब्लेडने मातीच्या गोळ्याला उभे तीन-चार काप द्यावेत. खूप फिरलेली असतील तर परत करावं. असं झाड पाच-सहा वर्षं बरं वाढतं आणि मग वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवं होतं. आणि लावताना पिशवी काढावी! हे सांगावं लागू नये, पण या कामात नऊ रोपं पिशवीला नुसती चीर देऊन पुरलेली सापडली.

खड्डे ऑगर यंत्राने मारले होते. लवकर होतात, पण कोल्हापूरच्या पूर्वेकडे, शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या जमिनीत ओलसरपणी ऑगर फिरवला की खड्ड्याच्या भिंती लोण्यासारख्या गुळगुळीत होतात. मूळ त्या भिंतीत शिरत नाही, आतल्या आत गोल फिरतं. म्हणजे पिशवीतून काढलेलं रोप पुन्हा कुंडीतच गेलं. यंत्र वापरलं तर पहारीने भिंतीला चारी बाजूंनी टोचे द्यायलाच हवेत. पश्चिमेकडच्या तांबड्या, जांभ्याच्या जमिनीत ही अडचण नाही, तिथे खडक लागतो. शाळांचं मैदान बहुतेकदा मुरमाचा भराव टाकून रोलर फिरवलेलं असतं. तिथे दोन फुटांचा खड्डा पुरत नाही, तीन फूट लागतो.

साधी जमीन असेल तर झाडाला साठ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल, झुडपाला पंचेचाळीस. खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्यावेत. भरण्याआधी प्रत्येक दोन-तीन खड्ड्यांमागे एकात दोन बादल्या पाणी ओतून बघावं. सकाळी ओतलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच दिसत असेल तर पावसाळ्यात मुळं कुजणार. अशा ठिकाणी माती जमिनीपेक्षा वीतभर उंच करून त्यावर रोप लावावं आणि करंज, अर्जुन, जांभूळ, ताम्हण निवडावेत. पंचगंगेच्या काठच्या शाळांना तर हीच निवड लागते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीवर गेलं की काही आवारांत दिवसच्या दिवस पाणी साचतं, 2019 आणि 2021 ला सगळ्यांनी पाहिलंय. तिथे बेल आणि आवळा नकोत.

खताचा हिशोब दरपत्रकात ‘आवश्यकतेनुसार’ असा होता. हा शब्द दिसला की पेन काढावं. साठ सेंटिमीटरच्या खड्ड्यात 216 लिटर माती मावते, म्हणजे दहा लिटरची बावीस घमेली. त्यात पाचवा हिस्सा कुजलेलं शेणखत, म्हणजे सव्वाचार घमेली, आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. झुडपाच्या खड्ड्याला दोनपेक्षा थोडं कमी घमेलं. चाळीस झाडं आणि साठ झुडपांना मिळून बरोबर एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, शेणखत लागतं. वर सुचवलेल्या बारा झाडं आणि पन्नास झुडपांना अर्धा ब्रास. प्रत्यक्षात आलेलं खत मोजलं तर प्रत्येक झाडाला दीड घमेलं पडलं.

प्रमाणापेक्षा खत कसं आहे हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे म्हशींचे गोठे भरपूर, शेणाला तोटा नाही, पण कच्चं शेण म्हणजे हुमणीला आमंत्रण. उसाच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात, संध्याकाळी कडुलिंबावर-बोरीवर जमतात, आणि त्यांच्या अळ्या पावसाळाभर मुळं खातात. रोप ऑगस्टमध्ये पिवळं पडलं, हाताने ओढल्यावर अलगद वर आलं आणि खाली मुळंच नाहीत, तर ती हुमणी. म्हणून ट्रॉली उतरवायच्या आधी ढिगात कोपरापर्यंत हात घालावा. आत गरम लागलं, शेणाचा वास आला, काडी ओळखू आली, तर खत कच्चं. साखर कारखान्याची मळी स्वस्तात मिळते, तिलाही हाच नियम: नीट कुजलेली असेल तरच.

लावताना रोपाची मान, म्हणजे खोड आणि मुळं जिथे भेटतात ती जागा, जमिनीच्या पातळीला हवी. मान मातीत गाडली की बुंधा कुजतो. आधाराला बांबू, आणि बांधायला काथ्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन. या कामात बांधायला तार वापरली होती. वर्षात ती सालीत रुतते आणि वरचं झाड वाळतं.

तारीख

पॅकेजमध्ये लागवड 5 जूनला, पर्यावरण दिनाला. फोटोला सोयीची तारीख आहे, रोपाला नाही. तेव्हा शाळा उघडलेली नसते आणि पावसाचाही भरवसा नसतो. एखादा वळीव पडतो, मग आठवडाभर ऊन. पावसाने जोर धरल्यावर, माती वीतभर खोल ओली झाल्यावर, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत लावावं. तोवर मुलंही शाळेत येतात, आणि ज्या मुलाने खड्ड्यात माती लोटली ते त्या रोपाकडे वर्षभर बघतं.

ठिबक

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. दरपत्रकात सोळा मिलिमीटरची नळी, झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर आणि हजार लिटरची टाकी. कागदावर दोन तासांत झाडाला सोळा लिटर. पण टाकी दहा फुटी चौथऱ्यावर आहे आणि मोटार नाही. एवढ्या उंचीवरून दाब येतो चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा, आणि साधा ड्रिपर चार लिटर देतो तो एक किलो दाबावर. इथे तो सव्वादोन लिटरच्या आसपास देतो. सोळा लिटरला दोन नाही, साडेतीन तास लागतात. हे कुणी सांगितलं नाही, म्हणून शिपाईमामा दोन तासांनी नळ बंद करतात आणि झाडाला अर्धंच पाणी मिळतं. दाब सारखा ठेवणारे महागडे ड्रिपर घातले तर एवढ्या कमी दाबावर ते नीट चालतच नाहीत. शिवाय बोअरच्या जड पाण्याने तोंडं क्षारांनी बुजतात, जाळीची गाळणी दर आठवड्याला धुवावी लागते आणि खारी नळी कुरतडतात.

बारा झाडांसाठी याहून साधा उपाय म्हणजे मडकी. कुंभाराकडून बिनरंगवलेली, दहा लिटरची घ्यावीत. रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावीत, वर झाकण. तीन-चार दिवसांनी भरावीत. भरायला मुलं पुरतात, आणि मडकं रिकामं किती दिवसांत होतं हे बघून जमिनीचा स्वभावही कळतो. भाजताना चकाकी आलेलं मडकं पाझरत नाही, ते घेऊ नये.

आच्छादन मात्र ठेकेदाराकडून विकत घ्यायचं कारणच नाही. गळीत हंगामात शिवारात पाचट जाळत असतात. मागितलं तर शेतकरी ट्रॉली भरून नेऊ देतो. आळ्यात चार बोटं जाड थर द्यावा, बुंध्यापासून चार बोटं लांब. बुंध्याला टेकलं की वाळवी चढते. शिमग्याच्या दिवसांत कुंपणालगतचं पाचट काढून ठेवावं, एका ठिणगीने सगळं जातं.

देखभाल, म्हणजे मे महिना

‘एक वर्ष देखभाल’ म्हणजे महिन्यातून दोन भेटी. जुलै ते जानेवारी त्या झाल्यासुद्धा: तण काढलं, आळी केली, फोटो पाठवले. फेब्रुवारीनंतर भेटी विरळ झाल्या आणि सुट्टी लागल्यावर बंद. बागेची कसोटी तिथेच लागते. शाळा मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत बंद, म्हणजे सहा आठवडे, ऊन चाळिशीला टेकलेलं. पहिल्या उन्हाळ्यात झाडाला आठवड्यातून दोनदा सोळा लिटर आणि झुडपाला दोनदा पाच लिटर लागतं. चाळीस झाडं, साठ झुडपं म्हटलं तर आठवड्याला जवळजवळ एकोणीसशे लिटर. बारा झाडं, पन्नास झुडपं म्हटलं तर नऊशेपेक्षा कमी. संख्या कमी का ठेवायची याचं खरं उत्तर या दोन आकड्यांत आहे. नऊशे लिटर शाळेच्या टाकीतून निघतं. एकोणीसशेला दर उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो.

देखभालीत आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी: फवारणी नाही. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या आणि मग हिरव्यागार होणाऱ्या अळ्या दिसतात, पावसाळ्यात बहाव्याची पानं अर्धी खाल्लेली दिसतात, आणि माळी लगेच पंप काढतो. या अळ्यांची फुलपाखरं होतात. राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मनसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं. बाग ज्यासाठी लावली तेच मारायला पैसे द्यायचे नाहीत. कोवळी पानं महिनाभरात परत येतात.

पाट्या सांगायच्या तर फ्लेक्सच्या आहेत आणि एका उन्हाळ्यात पांढऱ्या पडतात. क्यूआर कोड दोन महिन्यांतच चालेनासा झाला. पत्र्याच्या रंगवलेल्या पाट्या जमिनीत गजावर रोवाव्यात, झाडाला खिळा ठोकू नये. पाटीवर गुणधर्मांची जंत्री नको. नाव, फुलं येण्याचा महिना आणि त्यावर कोण येतं, एवढं पुरे.

बांबूचे गार्ड चांगले, पाच फुटी, विण घट्ट. दोन वर्षं टिकतात आणि मग आपोआप कुजतात. लोखंडी गार्ड काढायचं राहून जातं आणि झाड ते गिळतं.

स्वस्त पर्याय म्हणजे वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका. रोपं लहान पिशवीत आणि ठिसूळ असतात, पण करंज, जांभूळ, आवळा, बेल, बहावा हे खात्रीचे मिळतात. मागणीपत्र एप्रिलमध्येच द्यावं. जूनमध्ये गेलं तर उरलेलं गिरिपुष्प पदरात पडतं.

पॅकेज घ्यायचंच असेल तर पैसे तीन हप्त्यांत ठेवावेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात तसं लिहावं. पहिला हप्ता खड्डे आणि खत मोजून झाल्यावर. दुसरा लागवडीनंतर, प्रत्येक पान पाटीशी ताडून झाल्यावर. तिसरा, सगळ्यात मोठा, पुढच्या वर्षी शाळा उघडल्यावर मोजणी करून. मोजताना नुसती पानं बघू नयेत, जूनच्या आधी बरीच झाडं ओकीबोकी असतात. बुंध्यावर वीतभर उंचीला नखाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत, पैसे द्यावेत. तपकिरी आणि कोरडं लागलं तर आणखी खाली, जमिनीलगत खरवडून बघावं. तिथे हिरवं असेल तर ते खालून फुटतं, त्याला अर्धे पैसे.